फॉन नॉयमनच्या सिद्धतेतली एक ओळ आणि ती तपासणारी ग्रेटे हेरमान

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'मायोराना १' ही क्वांटम चिप जाहीर केली, तेव्हा फीडवर दुसरं काही दिसेना. त्याच वेळी 'नेचर'मध्ये त्यांच्या टीमचा पेपरही आला. पण पेपरसोबत 'नेचर'ने पीअर रिव्ह्यूची फाइलही जोडली होती, आणि तिच्यात संपादकांची एक नोंद होती: या पेपरमधले निकाल म्हणजे त्या उपकरणात मायोराना अवस्था असल्याचा पुरावा नव्हे. बातम्यांच्या गर्दीत ही नोंद मागे पडली. याच विषयावरचा, मायक्रोसॉफ्टशी जोडलेल्या डेल्फ्टच्या गटाचा २०१८ चा पेपर २०२१ मध्ये मागे घेतला गेला होता. दोन संशोधकांनी मूळ डेटा मागून तपासला, तेव्हा ते झालं.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. पोस्टरवर हायझेनबर्ग, श्रोडिंगर, आइनस्टाइन ही नेहमीची मंडळी होती. मला मात्र ग्रेटे हेरमानबद्दल लिहायचंय. सगळ्यांनी मान डोलावून पुढे नेलेली एक सिद्धता तिने बसून ओळ न् ओळ वाचली होती, तीही १९३५ मध्ये.

ग्रेटेचा जन्म १९०१ चा, जर्मनीतल्या ब्रेमेनचा. गोटिंगेनला तिने एमी नोएथरकडे पीएचडी केली. आधुनिक बीजगणिताचा पाया घालणारी हीच ती नोएथर. ग्रेटेचा प्रबंध १९२६ मध्ये छापून आला. प्रश्न असा होता: काही बहुपदी दिल्या आहेत. आणखी एक बहुपदी या दिलेल्यांपासून, त्यांना दुसऱ्या बहुपदींनी गुणून आणि बेरजा करून, बनवता येते का? आणि हे ठरवायला जास्तीत जास्त किती पायऱ्या लागतील? त्याआधी 'उत्तर असतं' एवढं सिद्ध करून गणिती खूश व्हायचे. ग्रेटे म्हणाली, पायऱ्या मोजा. लक्षात घ्या, ट्युरिंगचा प्रसिद्ध पेपर १९३६ चा. म्हणजे कॉम्प्युटर ही वस्तू नसताना ही बाई अल्गोरिदमचा खर्च मोजत होती.

आणि तो खर्च भयंकर निघाला. तिची मर्यादा साधारण 'घाताचा घात' अशा वेगाने वाढते. २ चा घात, आणि त्या घातांकात पुन्हा २ चा घात. चलं ३ असतील तर २५६, ४ असतील तर ६५,५३६, ५ ला चारशे कोटींच्या वर, आणि ६ ला वीस अंकी संख्या. काही समीकरणसंचांच्या बाबतीत हा खर्च खरोखरच टळत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झालं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पीएचडीनंतर ती तत्त्वज्ञानाकडे वळली. कार्यकारणभाव हा तिचा विषय. प्रत्येक घटनेला कारण असतं, मग क्वांटमवाले 'अणू केव्हा फुटेल याला कारणच नाही' असं कसं म्हणतात? हा वाद घालायला ती १९३४ मध्ये थेट लाइपझिगला हायझेनबर्गकडे गेली. त्याने या चर्चांवर पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात एक प्रकरणच लिहिलंय.

क्वांटमवाल्यांच्या हातात तेव्हा एक हुकमी एक्का होता. जॉन फॉन नॉयमनने १९३२ च्या पुस्तकात सिद्ध केलं होतं की क्वांटमच्या मागे 'छुपी चलं' असूच शकत नाहीत. म्हणजे कणाच्या आत आधीच ठरलेली, आपल्याला न दिसणारी माहिती असेल, ही शक्यताच बाद. फॉन नॉयमन म्हणजे तोच, ज्याच्या नावाचं आर्किटेक्चर इंजिनिअरिंगला प्रत्येकजण घोकतो. एवढ्या माणसाने सिद्ध केलंय म्हटल्यावर कोण तपासणार? सीनिअरचं नाव बघून पुल रिक्वेस्ट अप्रूव्ह होते ना, तसंच.

ग्रेटेने तपासलं. सिद्धतेत एक गृहीतक होतं: दोन राशींच्या बेरजेची सरासरी म्हणजे त्यांच्या सरासरींची बेरीज. ऐकायला इतकं साधं की नजर त्यावरून घसरते. गणिताच्या आणि इंग्रजीच्या मार्कांची वर्गाची सरासरी वेगवेगळी काढा किंवा एकत्र बेरजेची काढा, सारखंच येणार!

पण क्वांटममध्ये मोजमापांना क्रमनिरपेक्षता नसते. शाळेत शिकलोय की ३ × ५ आणि ५ × ३ सारखेच. फोनवर मात्र फोटो आधी फिरवून मग वरचा अर्धा भाग कापा, आणि दुसऱ्यांदा आधी कापून मग फिरवा. वेगळे फोटो मिळतील. कणाच्या स्पिनचंही तसंच आहे. आडव्या दिशेने मोजा, उत्तर +१ किंवा −१. उभ्या दिशेने मोजा, तेच. आणि बरोबर मधल्या तिरक्या दिशेने मोजलं तरी उत्तर +१ किंवा −१ च. आता क्वांटमचं गणित सांगतं की तिरका स्पिन म्हणजे आडवा अधिक उभा, भागिले √२. सरासरींसाठी हे सूत्र चोख चालतं. पण एकाच कणात दोन्ही किमती आधीपासून ठरलेल्या असतील, तर बेरीज २, ० किंवा −२ येणार, आणि √२ ने भागल्यावर १.४१, ० किंवा −१.४१. यंत्र तर यातलं काहीच दाखवत नाही! कारण तिरकं मोजणं म्हणजे आधीची दोन रीडिंग घेऊन बेरीज करणं नव्हे. चुंबक फिरवून केलेला तो तिसराच प्रयोग आहे. (हे उदाहरण जॉन बेलने पुढे वापरलेलं.)

म्हणजे बेरजेचा नियम क्वांटमच्या सरासरींना लागू आहे, पण कल्पनेतल्या छुप्या अवस्थांनाही तो लागू पडलाच पाहिजे, ही अट फॉन नॉयमनने स्वतःहून घातली होती. ग्रेटेचा मुद्दा असा, की जे सिद्ध करायचं होतं तेच या अटीतून मागच्या दाराने आत आलं.

गंमत म्हणजे ती स्वतः छुप्या चलांची वकील नव्हती. तिचं म्हणणं आणखी वेगळं होतं: मोजमाप झाल्यावर मागे वळून कारणांची साखळी लावता येते, फक्त आधी भाकीत करता येत नाही. आपल्या बाजूला थेट फायदा नसतानाही तिने सिद्धतेतली फट दाखवली, हे मला जास्त मोठं वाटतं.

मग पुढे? काहीच नाही. पूर्ण लेख एका तत्त्वज्ञानाच्या मालिकेत छापून आला, जी भौतिकशास्त्रज्ञ वाचत नव्हते. त्यांच्या नियतकालिकात तिचा संक्षिप्त लेख आला, पण त्यात फॉन नॉयमनवरचा भाग नव्हता. त्यात ती हिटलरविरोधी समाजवादी गटात काम करणारी. १९३६ मध्ये देश सोडून डेन्मार्क, मग फ्रान्स, मग इंग्लंड. तिथलं नागरिकत्व मिळावं म्हणून तिने कागदोपत्री लग्नही केलं. परतली १९४६ मध्ये, आणि पुढे ब्रेमेनमध्ये शिक्षक घडवायच्या कामाला लागली. काहीजण सगळा दोष ती बाई असण्यावर टाकतात. ते कारण होतंच, पण मला वाटतं चुकीच्या जागी छापलं जाणं आणि जीव वाचवत फिरणं, या दोन गोष्टीही तितक्याच भोवल्या.

तीच फट बेलने स्वतंत्रपणे शोधली. त्याचा लेख १९६६ मध्ये आला, म्हणजे एकतीस वर्षांनी. तेवढा काळ 'फॉन नॉयमनने सिद्ध केलंय' हे वाक्य वाद मिटवायला वापरलं जात होतं. बेलच्या असमानतेवरच्या प्रयोगांना २०२२ चं नोबेल मिळालं. ग्रेटेचं नाव १९७४ मध्ये मॅक्स यामरच्या पुस्तकाने पुन्हा वर काढलं. ती १९८४ मध्ये गेली. आता, फॉन नॉयमनच्या बाजूनेही बोलणारे आहेत: त्याचा दावा मुळात मर्यादित होता, लोकांनी तो फुगवला, असं काही अभ्यासक म्हणतात. असेलही. पण मग फुगवलेला दावा एवढी वर्षं कुणी टाचणी का लावली नाही, हा प्रश्न उरतोच.

आणि तिच्या प्रबंधाचं काय? त्यातल्याही सिद्धतेत त्रुटी होत्या, त्या १९७४ मध्ये सायडनबर्ग या गणितज्ञाने दुरुस्त केल्या. निष्कर्ष टिकला.

तो निष्कर्ष आज तुमच्या फोनच्या फार जवळ आलाय. क्वांटम कॉम्प्युटर आजचं एन्क्रिप्शन फोडेल या भीतीने सिग्नलने २०२३ मध्ये आणि आयमेसेजने २०२४ मध्ये नव्या पद्धती आणल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटीने पहिली तीन मानकं जाहीर केली. या स्पर्धेत 'रेनबो' नावाची एक डिजिटल सहीची पद्धत अंतिम फेरीत होती. तिची सुरक्षितता उभी होती बहुपदी समीकरणांचा संच सोडवणं अवघड असतं यावर, म्हणजे ग्रेटेने ज्याचा खर्च मोजला त्याच जातीच्या प्रश्नावर. वर्षानुवर्षं तज्ज्ञांनी पाहिलेली पद्धत होती. पण 'सर्वसाधारण संच अवघड' म्हणजे 'हा विशिष्ट संच अवघड' असं नसतं. २०२२ मध्ये वॉर्ड बॉयलन्सने रेनबोच्या समीकरणांची खास रचना वापरून प्रश्न लहान केला आणि गुप्त किल्ली काढली. सुपरकॉम्प्युटर नाही, क्वांटम चिप नाही. एक लॅपटॉप आणि साधारण ५३ तास.

याच बॉयलन्सने बहुपदींवरच आधारलेली 'मेयो' नावाची सहीची पद्धतही आणलीय. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती एनआयएसटीच्या नव्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत पोहोचली. तिचं सगळं गणित आणि कोड नेटवर उघडं आहे, कुणीही तपासू शकतं.