माहेरवाशिणीची सही

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येते, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा घेते आणि मूळ नक्षत्रावर निरोप घेते. कोकणात ती देवी म्हणून जितकी पूजिली जाते, तितकीच घरची लेक म्हणून लाडावली जाते. सासरी गेलेल्या लेकीही याच सुमारास माहेरी येतात. मुंबई, गोवा आणि रत्नागिरीकडचे रस्ते जेथे मिळतात, त्या हातखंब्याच्या तिठ्यावर उतरून कितीतरी माहेरवाशिणी आपापल्या वाडीची वाट धरतात.

सणानिमित्त सारे भाऊबंद एकत्र जमतात, म्हणून सातबाऱ्याची बोलणीही याच दिवसांत निघतात. महामार्गाच्या चौपदरीकरणापासून रस्त्याकाठच्या गुंठ्या-गुंठ्याला मोल आले आहे. मग गौरीचा नैवेद्य होतो न होतो, तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. ‘तुला सासरी काय कमी आहे?’ असा प्रश्न होतो. सही न केल्यास माहेर तुटेल, हे कोणी उच्चारीत नाही. पण ते तिला कळते. अशा सहीला संमती म्हणावे काय, हाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राने पूर्वी एकदा न्यायालयात ऐकला आहे. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी, आपल्या संमतीवाचून झालेला विवाह आपणांस मान्य नाही, असे मुंबईत ठणकावून सांगितले. वडिलांकडून आलेल्या मिळकतीचा प्रश्नही त्या वादात गुंतलेला होता. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी पतीचा दावा फेटाळला; परंतु अपिलानंतर, १८८७ मध्ये, पतीकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

त्या १९५५ साली निवर्तल्या, त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा अमलात आला. बळजबरीने वा फसवणुकीने झालेला विवाह, बळजबरी संपल्यापासून अथवा फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केल्यास, न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो. विवाहाची सक्ती करण्यासाठी स्त्रीला पळवून नेणे हा तर दहा वर्षांपर्यंत कैदेचा अपराध आहे.

वारसाहक्काची वाट याहून लांबली. १९५६ च्या कायद्याने पित्याच्या मिळकतीत कन्येला वाटा दिला. पण राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार पुत्रांनी वाटणी करीपर्यंत तिला नव्हता. १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत कन्येला जन्मसिद्ध हिस्सा दिला, मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या लेकी वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद आणि घराबाबतचे बंधन, दोन्ही गेले. त्या दिवशी पिता हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

भाऊ म्हणतील, आईवडिलांची सेवा आम्ही केली, घर आम्ही शाकारले, शिवाय तिच्या लग्नाचा खर्चही केला. सेवा व खर्च यांचा हिशेब वाटणीच्या वेळी जरूर मांडावा. परंतु लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे. बहिणीने आपखुशीने हिस्सा दिल्यास कायदा आड येत नाही. तथापि जे मागून, भिववून घेतले जाते, त्याला दान म्हणत नाहीत.

म्हणून आमची विनंती एवढीच की, सणाच्या दिवसांत कोणत्याही बहिणीपुढे कागद ठेवू नये. तिने तो घरी न्यावा, वाचावा, जाणत्याचा सल्ला घ्यावा. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे. फसवून सही घेतली गेली असेल, तर मुदतीत दिवाणी न्यायालयाचे दार ठोठावता येते.

गौरीला आपण सोनपावलांनी घरात आणतो. त्याच उंबरठ्यातून येणाऱ्या लेकीचे नाव सातबाऱ्यावरही नांदू द्यावे. तिच्या मानाला त्याने खरी पूर्णता येईल.