तुला हे पुस्तकात कुठे दिसले?

महाराष्ट्रात वक्त्यांचा दुष्काळ कधी पडला नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झालेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला आजही भरते, आणि गावोगावच्या शाळांच्या कपाटांत वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली मांडलेल्या असतात. त्याच शाळेत नववीच्या वर्गाला एखाद्या पुस्तकाबद्दल ‘तुम्हाला काय वाटले?’ असे विचारा. माना खाली जातात. मुले वाचतच नाहीत, असे म्हणून आपण मोबाइलच्या नावाने बोटे मोडतो. पण ज्यांनी वाचलेले असते तीही गप्पच असतात. भाषण पाठ करता येते; चर्चेत समोरचा काय बोलेल हे आधी ठाऊक नसते. पुस्तकावर चारचौघांत बोलणे शिकवावे लागते, आणि ते आपण शिकवलेले नाही, हे आमचे म्हणणे.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाची मांडणीच बैठकीची आहे. आश्रमातले सोबती रात्री जमतात, श्याम आठवण सांगतो, अशा 42 रात्री. वर्गात मात्र ठरलेला प्रश्न येतो: आईने श्यामवर कोणते संस्कार केले? उत्तर गाइडात तयार. त्याऐवजी असे विचारून पाहा: पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आईने मारून पाठवले, ते योग्य होते का? वर्ग जागा होईल, आणि पहिली पाच मिनिटे नुसता गलका चालेल. शिकवायची जागा हीच. शिक्षकाने एवढेच म्हणायचे, ‘तुला हे पुस्तकात कुठे दिसले?’ मग पाने उलटू लागतात. पाठीवरचे वळ पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आले, हे एकाला सापडते. दुसरी दाखवते की लोक श्यामला भित्रा म्हणतील, हे आईला सहन होणारे नव्हते. मग मार श्यामच्या भल्यासाठी, की लोकांच्या तोंडासाठी? तेवढ्यात एखादा म्हणेल, हे सगळे मोठा झालेला श्याम सांगतोय, त्याच्या मनात आईविषयी राग उरलेलाच नाही. त्या दिवशीच्या श्यामला विचारले असते तर? इतके जमले की साहित्याचा तास सुरू झाला म्हणायचा. ‘निवेदक’ ही संज्ञा फळ्यावर लिहायची घाई नको.

शिक्षकाला यासाठी अवघड काम करावे लागते, ते म्हणजे थांबणे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले. तेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढले की उत्तरे लांब होत, एरवी गप्प असणारी मुले बोलत, आणि मुले एकमेकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ लागत. कादंबरीच्या तासाला तर याहून जास्त वेळ द्यावा, कारण तिथे मत मनाशी जुळायलाच वेळ लागतो. मुलांनीही एक सवय लावून घ्यायची: आधीच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, मगच आपले जोडायचे किंवा खोडायचे. ‘मला हे कळले नाही’ हेही बोलणेच धरायचे. जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’त (1873) धोंडीबा प्रश्न विचारतो, शंका काढतो, म्हणून तर विचार पुढे सरकतो. आपल्या वर्गात धोंडीबाला गुण मिळत नाहीत.

साठ मुलांच्या वर्गात, पाऊण तासात, पोर्शन संपवायचा असताना हे जमणार कसे, हा आक्षेप खोटा नाही. प्रत्येक धड्यावर जमणारही नाही. वर्षात दोन पुस्तके, चौघाचौघांचे गट, आणि शिक्षकाने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवायचे, इतके जमण्यासारखे आहे. मुलांना मते कसली, नुसता वायफळ गोंगाट, असे म्हणणाऱ्यांना पानाचा आधार मागणारा तो प्रश्नच पुरेसा आहे. खरा वजनदार आक्षेप वेगळा: अशा चर्चेत पुस्तकांच्या घरातली, प्रमाण मराठी बोलणारी मुलेच पुढे राहतात. हे होतेच, आणि शिक्षकाने भान ठेवले नाही तर चर्चा जुनीच उतरंड नव्याने रचते. म्हणून बोलण्याआधी सगळ्यांनी दोन ओळी वहीत लिहायच्या, आणि मत अहिराणीत, मालवणीत किंवा वऱ्हाडीत आले तर ते तसेच घ्यायचे. भाषा दुरुस्त करायला दुसरे तास आहेत.

उरला गुणांचा प्रश्न, आणि आपल्याकडे तो सुटल्याशिवाय पान हलत नाही. दहावीला भाषा विषयाच्या 100 गुणांतले 20 अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्यांतले काही या चर्चेला द्यावेत. मात्र छान बोलणाऱ्याला देऊ नयेत, नाहीतर आणखी एक वक्तृत्व स्पर्धा उभी राहील. पुस्तक उघडून दाखवणाऱ्याला द्यावेत, आणि दुसऱ्याचे ऐकून ‘माझे चुकले, हे पान मी पाहिलेच नव्हते’ असे म्हणणाऱ्याला थोडे जास्त.