पेशीविरहित लसनिर्मिती आणि परीक्षेचा प्रश्न

2018 मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने आंत्रिक ज्वराची संयुग्म लस बालकांना देण्यास प्रारंभ केला. (व्यवहारात यास विषमज्वर म्हणतात, आपल्या संहितांतील विषमज्वर निराळा.) सार्वजनिक आरोग्यसेवेत ही लस आणण्याचा तो जगातील पहिलाच उपक्रम होता. या जंतूच्या आवरणातील शर्करेस दोन वर्षांखालील बालकाचे शरीर पुरेसा प्रतिसाद देत नाही. तीच शर्करा धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या प्रथिनास जोडली की प्रतिकारशक्ती जागृत होते.

ही जोडणी मोठ्या कारखान्यांत होते. शर्करा व प्रथिन वेगवेगळे शुद्ध करावयाचे, रासायनिक प्रक्रियेने सांधावयाचे आणि तयार लस 2 ते 8 अंश तापमानात गावोगाव न्यावयाची. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह 2021 मध्ये निराळा मार्ग दाखविला. ई. कोलाय जंतू फोडून त्यांतील प्रथिने घडविणारी सामग्री घ्यावयाची, ती गोठवून शुष्क करावयाची व गरज पडेल तेथे पाणी घालावयाचे. सुमारे तासाभरात शर्करायुक्त प्रथिन सिद्ध होते. जिवंत पेशी लागत नाही. टुलारेमिया रोगाच्या अशा लसीने उंदरांना संरक्षण मिळाले. मनुष्यापर्यंतचा पल्ला अजून मोठा आहे.

वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते, अशा धनजसारख्या गावी शीतकपाटावाचून टिकणाऱ्या औषधाचे मोल काय, हे आम्ही जाणतो. म्हणून या संशोधनाचे आम्ही स्वागत करतो. मात्र 'हा तर आपला संस्कारच' असे म्हणून काही व्यवसायबंधू त्यावर हक्क सांगू लागतील, ते आम्हांस मान्य नाही. संस्काराने द्रव्यात गुणांतर होते हा आपला सिद्धांत खरा. परंतु प्रथिनास शर्करा कोठे व कशी जोडावी, हे त्यातून निघत नाही.

आपला अनुभव उपयोगी पडेल तो अन्यत्र. औषध स्वहस्ते सिद्ध करणाऱ्यास परीक्षाही करावी लागते. भस्म पाण्यावर तरंगते का, बोटांच्या रेषांत शिरते का, त्यातील चकाकी गेली का, हे वैद्य स्वतः पाहतो. येथे शर्करा खरोखर जोडली गेली का, जंतूच्या आवरणाचा ज्वरकारी अंश किती उरला, हे डोळ्यांना दिसणारे नाही. तो अंश संशोधकांनी आधीच सौम्य केला आहे. तथापि गावात सिद्ध झालेल्या प्रत्येक कुपीची हमी कोणी द्यावयाची? पाण्याची शुद्धता हा तर आणखी एक प्रश्न. परीक्षेचे सोपे साधन त्याच पेटीतून येत नाही तोवर धनजच्या बालकांना कारखान्यात तपासलेली कुपीच मिळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.