ई-टपालाची तपासणी दारातच व्हावी

संगणकीय विषाणूंपासून बचाव करण्यासाठी आपल्याकडे एकच उपदेश वारंवार केला जातो : अनोळखी माणसाचे पत्र उघडू नका. हा उपदेश निरर्थक नाही. परंतु तो पुरेसा मानण्यात मोठा धोका आहे. ४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' ह्या पत्राचे उदाहरण घ्यावे. फिलिपाईन्समधून निघालेले हे पत्र ज्याच्या संगणकात शिरे, त्याच्या पत्त्यांच्या यादीतील सर्वांना त्याच्याच नावाने जाई. म्हणजे ते येई ते ओळखीच्याच माणसाकडून. सोबतची फाईल साधा मजकूर असल्यासारखी भासे. कारण ती वस्तुतः एक आज्ञावली आहे हे सांगणारे 'व्हीबीएस' हे नावाचे शेपूट विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत झाकलेले राही. ती उघडताच साठवलेली चित्रे नष्ट होऊन त्यांच्या जागी तिच्याच प्रती बसत. ब्रिटनच्या पार्लमेंटलाही त्या वेळी आपले ई-टपाल काही काळ बंद ठेवावे लागले होते.

तेव्हा शेकडो वाचकांच्या सावधपणावर विसंबण्यापेक्षा, सर्वांचे टपाल ज्या एका संगणकातून येते त्या टपाल-सर्व्हरवरच तपासणी करणे अधिक शहाणपणाचे होय. तेथे पोस्टफिक्ससारखी टपाल वाहणारी आज्ञावली आलेले पत्र क्लॅमएव्हीसारख्या तपासनिसाच्या हाती देते. तो जोडलेल्या फायली सुट्या करतो, बांधलेली गाठोडी उलगडतो आणि ज्ञात विषाणूंच्या खुणांशी त्या ताडून पाहतो. क्लॅमएव्ही विनामूल्य मिळते, तेव्हा पैशाची सबब येथे फारशी टिकत नाही. खरा खर्च आहे तो खुणांची यादी धारण करण्यास लागणाऱ्या काही गिगाबाइट स्मृतीचा, आणि त्याहून अधिक, ती यादी रोज ताजी होते की नाही हे पाहणाऱ्या माणसाचा. शिळ्या यादीचा तपासनीस म्हणजे झोपी गेलेला पहारेकरी.

खरा मतभेद आहे तो विषाणू सापडल्यावर काय करावे ह्याविषयी. पाठविणारा सर्व्हर पत्राचा मजकूर देऊन झाला की एका ओळीवर केवळ एक टिंब देतो व उत्तराची वाट पाहतो. आपण '२५०' हा अंक उच्चारला की पत्र स्वीकारले गेले व त्याची जबाबदारी आपल्यावर आली. पुष्कळ व्यवस्थापक आधी असे पत्र स्वीकारीत, मग तपाशीत, आणि विषाणू आढळल्यास पाठविणाऱ्यास तशी सूचना धाडीत. हे सौजन्य वाटते. प्रत्यक्षात तो उपद्रव ठरला. २००३ मधील सोबिग-एफ आणि २००४ मधील मायडूम हे विषाणू पाठविणाऱ्याचे नावच खोटे घालीत. त्यामुळे ज्यांनी काहीच पाठविले नव्हते अशा लोकांवर ह्या सूचनांचा वर्षाव झाला. म्हणून त्या टिंबानंतर, उत्तर देण्यापूर्वीच तपासणी आटोपावी, आणि दोष आढळल्यास पाचाने आरंभ होणारा नकार तेथल्या तेथे द्यावा.

तपासनीसच बंद पडला तर? पुष्कळ ठिकाणी पत्रे न तपासता आत सोडली जातात, जणू पहारेकरी आजारी पडला म्हणून फाटक उघडे टाकावे! अशा वेळी '४५१', म्हणजे 'थोड्या वेळाने या', असे सांगावे. सुव्यवस्थित सर्व्हर सामान्यतः चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहतो. पत्रास उशीर होईल, पण ते हरवणार नाही. उलगडण्यासही मर्यादा घालावी. ४२ किलोबाइटांचे एक कुप्रसिद्ध गाठोडे पूर्ण उलगडल्यास साडेचार पेटाबाइट होते! व्यवस्था चालते की नाही हे पाहण्यास खरा विषाणू आणण्याचे साहस कोणी करू नये. त्यासाठी 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाईल मुद्दाम तयार केलेली आहे.

हे दुसऱ्याची पत्रे वाचणे नव्हे काय, असा आक्षेप काही सुजाण लोक घेतात. यंत्र केवळ खुणा ताडते, हे उत्तर अर्धेच आहे. अडवून ठेवलेली पत्रे कोणी व कोणत्या कारणाने उघडावी, ह्याचा लेखी नियम संस्थेने आधी करावा. संकेतशब्दाने बंद केलेल्या गाठोड्यापुढे मात्र तपासनीस आंधळाच असतो. तशी गाठोडी सरसकट अडवावी आणि ज्याला ती हवी असतील त्याने पाठविणाऱ्यास दूरध्वनीवर विचारून खात्री केल्यावरच ती सोडावी, असे आमचे मत आहे. थोडी गैरसोय होईल, ती सोसावी.