उठाबशा काढायला लावण्याआधी



माझ्या दुसरीच्या वर्गातला एक मुलगा परिपाठाला नेहमी शेवटी उठायचा. आधी ओणवा व्हायचा, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत स्वतःलाच वर ढकलायचा. मी त्याला सगळ्यांसमोर 'आळशी' म्हणाले. एकदा उठाबशाही काढायला लावल्या. पुढे डॉक्टरांनी निदान केलं: ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. मग मी पेशीचा धडा नव्याने वाचायला बसले.

आपण मुलांना सांगतो, पेशी म्हणजे शरीराची वीट. पण पेशीला आतून स्वतःचा सांगाडा असतो, प्रथिनांच्या धाग्यांचा. ॲक्टिन हे त्यातलं एक प्रथिन. नुसते धागे असून भागत नाही. त्यांना एकमेकांशी आणि पेशीपटलाशी बांधणारी प्रथिनंही लागतात. पेशी किती ताण सोसेल, हे या बांधणीवर बरंच अवलंबून असतं.

लग्नाचा मांडव आठवा. बांबू भक्कम, कापड नवं, पण दोन्हींना बांधणारी सुतळीच नाही. मग वाऱ्याने कापड फाटणारच ना? स्नायूपेशीत ही सुतळी म्हणजे डिस्ट्रॉफिन. त्याचं एक टोक आत ॲक्टिनला, दुसरं पेशीपटलातल्या प्रथिनांना जोडलेलं. १९८७ साली ते शोधलं गेलं. ड्युशेनमध्ये ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे स्नायू वापरताना पटलाला इजा होते आणि हळूहळू पेशी मरतात. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो.

म्हणजे मी दिलेली शिक्षा त्याच्या दुबळ्या स्नायूंवरच पडत होती!

माझं स्पष्ट मत आहे, उठाबशांची शिक्षा कोणत्याच मुलाला नको. जे मूल वारंवार पडतं, चवड्यांवर चालतं, जिना चढताना अडतं, ज्याच्या पोटऱ्या फुगीर दिसतात, त्याच्या पालकांशी आधी बोला. बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. रक्ताच्या सीके तपासणीतून पहिला अंदाज येतो. आजार पूर्ण बरा होत नाही, पण वेळेवर औषधं आणि फिजिओथेरपी मिळाली तर मूल जास्त काळ चालू शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराची नोंद आहे.

मी त्या मुलाची माफी मागितली. आता परिपाठाला तो खुर्चीवर बसूनच प्रार्थना म्हणतो. एवढं साधं मला आधीच सुचायला हवं होतं.