बंद गाडीतली ऊब जिवावर बेतू शकते

डिसेंबर लागला की दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न ऐकू येतो, "डॉक्टर, मनालीला चाललोय, कोणती औषधं बरोबर नेऊ?" बर्फ पाहायला उत्तरेत जाण्याची हौस आता आपल्यासारख्या लहान गावांतही रुजली आहे. त्यात अलीकडे भर पडली आहे ती कॅराव्हॅनची. झोपायला बाकडी, छोटासा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी असे सारे बिऱ्हाडच चाकांवर! आपल्या राज्य शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कोकणात किंवा महाबळेश्वरला अशा गाडीत मुक्काम करणे सोपे, कारण तिथे खिडकी उघडी ठेवून झोपता येते. जानेवारीत मनालीला किंवा लेहला मात्र रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. मुले कुडकुडू लागतात, खिडक्या घट्ट लावल्या जातात आणि कोणीतरी शेगडी पेटवतो. खरा धोका इथे सुरू होतो.

कोळसा, गॅस, रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांपैकी काहीही अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण या वायूशी ते प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट जोडले जाते. मग श्वास चालू असूनही मेंदूला व हृदयाला प्राणवायू पुरत नाही. थंडीने माणूस जागा होतो, या वायूने तो अधिकच गाढ झोपतो. म्हणून थंडीपेक्षा मला याची भीती अधिक वाटते.

हे केवळ पुस्तकी नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले. दारे-खिडक्या बंद होत्या. चार मोठी माणसे आणि चार मुले, आठही जण दगावले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात गाड्या अडकून वीसहून अधिक माणसे मेली. बर्फाने गाडीची धुराची नळी बुजली आणि ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू राहिले, तर तो धूर आतल्या माणसांपर्यंत पोहोचतो. आपल्याकडेही बंद न्हाणीघरातील गॅस गीझरने माणसे बेशुद्ध पडल्याच्या व दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. कॅराव्हॅन म्हणजे तशीच लहान, बंद जागा. फरक इतकाच, की तिच्यात सारे कुटुंब रात्रभर झोपलेले असते.

या विषबाधेची लक्षणे फसवी असतात. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे हीच ती लक्षणे. लेह सुमारे साडेअकरा हजार फुटांवर आहे आणि तिथे विरळ हवेनेही नेमका हाच त्रास होतो. त्यामुळे "उंचीमुळे होतंय" असे म्हणून माणूस गोळी घेतो आणि त्याच गाडीत पुन्हा झोपतो. एक खूण लक्षात ठेवा: गाडीतल्या अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटले, तर आधी गाडीतल्या हवेवर संशय घ्या. करोनाच्या साथीत अनेकांनी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले आहे. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नका. प्राणवायूने भरलेले आणि या विषारी वायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक त्याला कळत नाही, म्हणून आकडा चांगला दिसू शकतो.

मग करायचे काय? ऊब अंगाला द्यावी, गाडीला नव्हे. लोकरीचे थर, कानटोपी, कोरडे मोजे, जाड दुलई, गरम पाण्याची रबरी पिशवी आणि निजण्यापूर्वी पोटभर जेवण यांवर रात्र निघते. दारूने ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात अंगातली उष्णता लवकर बाहेर जाते. शेगडी वा गॅसची चूल ऊब मिळवण्यासाठी कधीच पेटवू नये. स्वयंपाक करताना खिडकी उघडी असावी आणि झोपतानाही दोन बाजूंना बोटभर फट ठेवावी. मात्र फट आहे म्हणून शेगडी चालेल, असा अर्थ काढू नये. झोपताना इंजिन व जनरेटर बंद ठेवावेत. गाडीत बसवलेला डिझेल हीटर असेल, तर त्याचा धूर पूर्णपणे बाहेर जातो ना आणि ती नळी बर्फाने बुजलेली नाही ना, हे रोज पाहावे.

कोणी बेशुद्ध आढळल्यास प्रथम दारे उघडा, त्याला बाहेर आणा, पांघरूण घाला आणि तातडीने रुग्णालयात न्या. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण एक-दीड तास. गरोदर स्त्री असेल, तर ती शुद्धीवर असली तरी दाखवलेच पाहिजे, कारण पोटातल्या बाळाला अधिक धोका असतो.

माझे स्पष्ट मत असे, की भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक कॅराव्हॅनमध्ये हा वायू ओळखून मोठ्याने वाजणारे यंत्र सक्तीचे असावे. गाडीच्या भाड्यापुढे त्याची किंमत फार नाही. सक्ती होईल तेव्हा होवो. तोवर ती आपण गिऱ्हाइकांनीच करावी. गाडी ठरवताना टीव्ही आणि गाद्यांची चौकशी आपण करतोच. त्याआधी हे यंत्र आहे का ते विचारा, बटण दाबून वाजवून पाहा आणि नसेल तर दुसरी गाडी बघा.