विश्लेषण : लग्नात दुसरा फोटोग्राफर हवा की नको? मावळ-लोणावळ्यात हा हिशेब कसा मांडायचा?

तुळशीचे लग्न लागले की मावळातील मंगल कार्यालयांच्या तारखा झपाट्याने भरू लागतात. वडगाव, तळेगाव दाभाडे, सोमाटणे, कामशेत या पट्ट्यातील कार्यालये आणि लोणावळा, पवनानगर परिसरातील रिसॉर्ट एकाच मुहूर्तावर गजबजतात. कार्यालय, आचारी, मंडप ठरला की फोटोग्राफरशी बोलणी सुरू होतात आणि एक प्रश्न हमखास येतो : ‘एक फोटोग्राफर की दोन?’ बहुतेक घरांत याचे उत्तर पाहुण्यांच्या संख्येवरून दिले जाते. २०२५ मध्ये मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नखर्चाला आळा घालणारी आचारसंहिता पुढे आली आणि प्री-वेडिंग चित्रीकरण टाळावे, असाही मुद्दा त्यात मांडला गेला. त्यानंतर फोटोंवरच्या खर्चाचीही घराघरांत चर्चा होऊ लागली. दुसरा फोटोग्राफर खरोखर कधी उपयोगी पडतो आणि कधी फक्त बिल वाढवतो, याचा हा आढावा.

‘दुसरा फोटोग्राफर’ म्हणजे नेमके कोण?

आपल्याकडच्या पॅकेजमध्ये साधारणपणे पारंपरिक फोटो, कॅन्डिड फोटो, व्हिडिओ, सिनेमॅटिक आणि ड्रोन अशी विभागणी असते. ‘चार जणांची टीम’ असे सांगितले तरी त्यात फोटो काढणारा एकच असू शकतो. बाकीचे दोन व्हिडिओवाले आणि एक लाइट धरणारा मदतनीस. त्यामुळे पहिला प्रश्न ‘किती माणसे येणार’ असा न विचारता ‘फोटोचे कॅमेरे किती’ असा विचारावा.

व्हिडिओतून फोटो काढता येईल, असेही सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. ‘फोर के’ व्हिडिओच्या एका चौकटीत साधारण ८ मेगापिक्सेल इतकाच तपशील असतो. सध्याच्या फोटो कॅमेऱ्यांत तो २४ मेगापिक्सेल किंवा त्याहून अधिक असतो. शिवाय व्हिडिओचा शटर वेग कमी ठेवलेला असतो, त्यामुळे हलणारे हात, पडणाऱ्या अक्षता पुसट येतात. मोबाइलवर हे चालते, अल्बमच्या पानभर छपाईत चालत नाही.

पाहुणे जास्त तर कॅमेरे जास्त, हे खरे का?

नाही. मंगल कार्यालयात हजार-दीड हजार पाहुणे आले, तरी ते रांगेने स्टेजवर येतात. तिथे दोन कॅमेरे उभे केले, तर दोघेही एकच फोटो काढतात. याउलट लोणावळ्याच्या रिसॉर्टमधील दीडशे माणसांच्या लग्नात नवरी एका कॉटेजमध्ये तयार होत असते, नवरदेव दुसऱ्या टोकाला फेटा बांधून घेत असतो आणि हिरवळीवर मेंदी रंगत असते. माणसे कमी, पण ठिकाणे तीन.

म्हणजे दुसऱ्या फोटोग्राफरची गरज गर्दी ठरवत नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी काय घडते, त्यावर ती ठरते.

लग्नात असे क्षण कोणते?

नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघतो, तेव्हा नवरी आत गौरीहर पुजत बसलेली असते. वाजंत्रीच्या मागे गेलेला कॅमेरा गौरीहराजवळ नसतो.

सर्वांत मोठी अडचण अंतरपाटाची. वधू-वर समोरासमोर उभे असतात. एका कॅमेऱ्याला बाजूने दोघांचे अर्धे चेहरे मिळतात, समोरून मात्र एकाचाच. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि काही सेकंदांत हार घातले जातात. मुहूर्त मिनिटावर ठरलेला असतो, तिथे ‘पुन्हा एकदा’ म्हणता येत नाही. त्याच वेळी काही घरांच्या रीतीप्रमाणे नवरीची आई मांडवात नसते, ती तुळशीला पाणी घालत असते. स्टेजवरच्या एकुलत्या एका कॅमेऱ्यात ती कधीच येत नाही.

कन्यादान, सप्तपदी, सुनमुख, पाठवणी यांचे गणित वेगळे आहे. हे विधी एकाच जागी, सावकाश होतात. तिथे एक चांगला फोटोग्राफर पुरतो. प्री-वेडिंगला तर दुसऱ्याची गरज सर्वांत कमी, कारण जोडपे एकाच जागी असते आणि फोटो पुन्हा काढता येतो.

दोन फोटोग्राफर आधीच आहेत का?

अनेक लग्नांत वधूपक्षाचा एक आणि वरपक्षाचा एक असे दोन फोटोग्राफर ठरलेलेच असतात. दोघेही एकमेकांना टाळत स्टेजच्या एकाच कोपऱ्यात उभे राहतात. त्यात आपण आणखी एक सांगितला, तर पैसे तीन कॅमेऱ्यांचे जातात आणि फोटो एकाच बाजूचे मिळतात. त्यामुळे याद्या करण्याच्या बैठकीतच व्याह्यांना विचारून घ्यावे. कोण कोणत्या बाजूला उभा राहील, हे ठरवून आणि दोन्हीकडचे फोटो दोन्ही घरांना द्यायचे असे लिहून घेतले, तर वेगळा माणूस न आणताही काम भागते.

मग हिशेब कसा मांडायचा?

एका कागदावर तीन रकाने करावेत : वेळ, ठिकाण, तिथे कोण. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे कार्यक्रम लिहावेत. एकाच वेळेसमोर दोन ठिकाणे आली, की तीन गोष्टी तपासाव्यात. दोन्ही ठिकाणी फोटो हवाच आहे का? तो क्षण नंतर पुन्हा घेता येणार नाही ना? वेळ पुढे-मागे करून अडचण सुटत नाही ना? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तिथेच खूण करावी.

उदाहरणादाखल, वडगावच्या कार्यालयातील एका दिवसाच्या लग्नात अशा दोनच खुणा येतील : परण्याच्या वेळी गौरीहर आणि अंतरपाटाचा क्षण. दोन्ही मुहूर्ताच्या आगेमागे. तिथे दुसरा फोटोग्राफर दिवसभर नको, दोन-तीन तासांसाठी मिळतो का, हे विचारावे. दोन्ही घरची हळद आदल्या संध्याकाळी वेगवेगळ्या गावांत असेल, तर तिसरी खूण वाढते. लोणावळ्यातील दोन दिवसांच्या सोहळ्यात खुणा पाच-सहापर्यंत जाऊ शकतात. तिथे दुसरा फोटोग्राफर पूर्णवेळ घेणे योग्य ठरते.

दुसरा कॅमेरा म्हणजे फोटो सुरक्षित, असे समजावे का?

हा दावा नेहमी केला जातो. समजा, एका कॅमेऱ्याचे कार्ड बिघडण्याची शक्यता १०० त १ आहे. दोन स्वतंत्र कॅमेऱ्यांची कार्डे एकदम बिघडण्याची शक्यता १० हजारांत १ इतकी कमी होते. पण हे गणित ‘स्वतंत्र’ या शब्दावर उभे आहे. दोन्ही कार्डे रात्री एकाच पिशवीत गेली आणि एकाच हार्ड डिस्कवर उतरवली, तर पिशवी हरवल्यावर सगळेच जाते.

सुरक्षिततेसाठी त्याहून स्वस्त उपाय आहेत. दोन कार्डे बसणारा आणि दोन्हींवर एकदम फोटो साठवणारा कॅमेरा, जोडीला एक जादा कॅमेरा आणि त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत. प्रत्येकी ३० एमबीचे तीन हजार कच्चे फोटो धरले, तरी ९० जीबी होतात. एवढी जागा आता महाग नाही. दोन फोटोग्राफर असतील, तर दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे सकाळी जुळवून घ्यायला सांगावे. पाच मिनिटांचा फरक असला, तरी अल्बममध्ये हार आधी आणि अंतरपाट नंतर येतो.

लोणावळ्यात आणखी काय पाहावे?

पहिली गोष्ट रस्त्याची. मुंबई किंवा पुण्याहून येणारा माणूस शनिवार-रविवारी द्रुतगती मार्गावरच्या घाटातील कोंडीत अडकू शकतो. सकाळचा कार्यक्रम असेल, तर दुसऱ्या फोटोग्राफरच्या आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्चही हिशेबात धरावा. तळेगाव, कामशेत किंवा लोणावळ्यातील स्थानिक फोटोग्राफर इथे सोयीचा पडतो.

दुसरी गोष्ट दमट हवेची. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट बाहेरच्या ओलसर हवेत आणला, की गार काचेवर बाष्प धरते आणि काही मिनिटे फोटो धुरकट येतात. आत एक आणि बाहेर एक असे दोन कॅमेरे असले, की ही अडचण टळते. मात्र त्यासाठी दुसरा कॅमेरा पुरतो, दुसरा माणूस लागत नाही.

तिसरी गोष्ट ड्रोनची. ‘दुसऱ्या फोटोग्राफरऐवजी ड्रोन देतो’ असा पर्याय पुढे येतो. पण ड्रोन गौरीहराजवळ जाऊ शकत नाही. शिवाय लोणावळ्यात नौदलाचे ‘आयएनएस शिवाजी’ हे प्रशिक्षण केंद्र आहे. ‘ड्रोन नियम २०२१’नुसार लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही आणि २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. रिसॉर्ट कोणत्या क्षेत्रात येते, हे ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर आधीच पाहून घ्यावे.

करारात काय लिहून घ्यावे?

मोठ्या मुहूर्ताला चांगले फोटोग्राफर आधीच ठरलेले असतात. त्यामुळे ‘दुसरा’ म्हणून अनेकदा बाहेरचा, रोजावर आलेला माणूस पाठवला जातो. त्यात गैर काही नाही, पण त्याचे नाव, त्याने स्वतः काढलेले एखाद्या पूर्ण लग्नाचे फोटो आणि कामाचे तास लिहून घ्यावेत.

कर वेगळा की धरून, हेही विचारावे. नोंदणीकृत फोटोग्राफरच्या सेवेवर वस्तू व सेवा कराचा सर्वसाधारण दर १८ टक्के आहे. दुसऱ्या फोटोग्राफरचे २० हजार रुपये सांगितले, तर करासह ते २३ हजार ६०० होतात.

मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणाऱ्याचा असतो, असे कॉपीराइट कायदा १९५७चे कलम १७ सांगते. पण दुसऱ्या माणसाला पैसे मुख्य फोटोग्राफर देतो. त्यामुळे दोघांचेही सर्व फोटो कुटुंबाला मिळतील आणि परवानगीशिवाय जाहिरातीत वापरले जाणार नाहीत, ही ओळ करारात हवीच.

ठरलेली सेवा मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. मात्र भरपाईने क्षण परत येत नाही. न्यूयॉर्कमधील एका वराने लग्नाची शेवटची सुमारे १५ मिनिटे टिपली गेली नाहीत म्हणून फोटोग्राफरवर दावा ठोकला आणि तो सोहळा पुन्हा उभा करण्यासाठी ४८ हजार डॉलर मागितले. २०११ मध्ये ही बातमी गाजली, तोवर त्या जोडप्याचा घटस्फोट झाला होता.

अखेर निर्णय कशावर घ्यावा?

कागदावर खूण एकही नसेल, तर दुसरा फोटोग्राफर नको. ते पैसे चांगल्या छपाईवर किंवा जादा प्रतीवर घालावेत. दोन फोटोग्राफर घेतले तर फोटो दुप्पट होतात, अल्बमची पाने तेवढीच राहतात. खुणा असतील आणि पैसे देऊन दुसरा माणूस घेतलाच, तर त्याला स्टेजवर चढू देऊ नये. त्याची जागा खाली, माणसांत.

स्टेजच्या पायऱ्या न चढू शकणारी आजी, पंगतीकडे लक्ष देणारा काका, मुदपाकखान्यातून बाहेर न आलेली मावशी स्टेजवरच्या फोटोंत नसतात. घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर भिंतीवर लावण्यासाठी फोटो शोधताना बहुतेक घरांत लग्नाचाच अल्बम उघडला जातो. तेव्हा गर्दीतला चेहरा कापून मोठा करावा लागतो आणि तो धूसर निघतो. त्यामुळे तीन रकान्यांच्या कागदाखाली आणखी एक यादी लिहावी : स्टेजवर न येणाऱ्या माणसांची. नावे पाच-सात असतील, तर करवलीपैकी एकीवर जबाबदारी देऊन एकच फोटोग्राफर अर्धा तास खाली फिरवता येतो. यादी त्याहून लांब असेल, तर दुसऱ्या फोटोग्राफरचा खर्च वाया जाणार नाही.